गाडी थंडीत गुणी, गरम झाली की हट्टी

या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे, गाड्या तेवढ्या वेगळ्या. सकाळी अर्ध्या सेल्फला लागणारी गाडी चहा पिऊन परत येईपर्यंत रुसते आणि अर्ध्या-पाऊण तासाने काही झालंच नाही अशी सुरू होते. गॅरेजपर्यंत नेता नेता इंजिन थंड होतं, मेकॅनिकला दोष दिसत नाही आणि मग अंदाजाने पार्ट बदलायला सुरुवात होते. माझं कळकळीचं सांगणं आहे की गाडी रुसलेली असते ती दहा मिनिटं वाया घालवू नका. सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतोय का, पेट्रोलचा वास येतोय का, प्लगला करंट आहे का, एवढं तेव्हाच बघून लिहून ठेवा. नवा पार्ट त्यानंतर.

प्रश्न : १९९४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. पुण्याहून वाईला जाताना खंबाटकी चढून थांबलो की पंधरा मिनिटांनी गाडी लागत नाही. मेकॅनिक म्हणतात व्हेपर लॉक आहे, पेट्रोलच्या पाइपला ओलं फडकं गुंडाळा. त्याने कधी लागते, कधी नाही.

उत्तर : इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, पण लोखंडात साठलेली उष्णता कुठे जाणार? बंद केल्यानंतरची पहिली दहा-वीस मिनिटं बॉनेटखालचं तापमान उलट वाढतं. घाट चढून लगेच थांबणं म्हणजे सगळ्यात वाईट वेळी थांबणं.

या उष्णतेने दोन अगदी उलट गोष्टी होतात आणि दोन्हींना सरसकट व्हेपर लॉकच म्हटलं जातं. पहिली म्हणजे खरा व्हेपर लॉक : एसी पंपात (इंजिनवर चालणाऱ्या पेट्रोलच्या पंपात) किंवा पाइपात पेट्रोलची वाफ होते, पंप वाफच ढकलत राहतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. दुसऱ्या प्रकारात कार्बोरेटरच्या बाउलमधलं, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतलं, पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात जाणाऱ्या नळीत) ठिबकतं आणि गाडी ओव्हर होते, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन लागत नाही. ओलं फडकं पहिल्यावर चालतं, दुसऱ्यावर नाही. तुमच्याकडे ते कधी कधी ‘लागू पडतं’, ते बहुधा गुंडाळण्यात वेळ जातो म्हणून.

ओळखायचं असं. इग्निशन बंद ठेवा, जवळपास कुणी सिगारेट ओढत नाही ना बघा, एअर फिल्टरचं झाकण काढा आणि कार्बोरेटरच्या तोंडात बघत ॲक्सिलरेटरची लिंक हाताने एकदा झटकन ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर बाउलमध्ये पेट्रोल आहे, म्हणजे व्हेपर लॉक नाही. आधीपासूनच आतली भिंत ओली आणि वास उग्र असेल तर गाडी ओव्हर झाली आहे. अशा वेळी चोक ओढू नका, पेडल वरखाली मारू नका. पेडल तळापर्यंत दाबून तसंच धरा आणि सात-आठ सेकंद सेल्फ मारा.

कायमच्या उपायासाठी फ्लोटची पातळी आणि नीडल (बाउलमधलं पेट्रोल ठरावीक पातळीला रोखणारे भाग) तपासून घ्या. त्याआधी कार्बोरेटरच्या बुडाशी उष्णता अडवणारं जाड पॅकिंग शिल्लक आहे का, ते बघा. ओव्हरहॉलमध्ये ते मोडतं आणि तिथे कागदी गॅस्केट बसवून काम उरकलं जातं. आणखी एक गोष्ट : आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, अशा पेट्रोलची वाफ लवकर होते आणि जुनं रबर त्याने फुगतं, चिरतं. तीस वर्षांच्या गाडीचे रबरी पाइप इथेनॉलला चालणाऱ्या रबराचे घालून घ्या. हे टाळू नका, यात आगीचा धोका आहे.

प्रश्न : २००६ ची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनची) पेट्रोल हॅचबॅक. गरम असताना सेल्फ छान फिरतो, पण गाडी लागत नाही. दोनदा चालता चालताही बंद पडली. फ्युएल पंप, प्लग, कॉइल सगळं बदललं. चेक इंजिनचा दिवा लागत नाही.

उत्तर : चालता चालता बंद पडणं ही तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ. माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय की नाही हे कळवणाऱ्या सेन्सरवर आहे. पुष्कळ गाड्यांत या सेन्सरच्या आत बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. जुनं झालं की तापल्यावर त्यातली तार सुटते आणि निवल्यावर पुन्हा जुळते. सेन्सरचा सिग्नल नसेल तर ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) लेखी इंजिन फिरतच नाही, म्हणून तो करंटही देत नाही आणि पेट्रोलही. दिवा लागला नाही म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही.

पुढच्या वेळी रुसली की सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. सेन्सर चांगला असेल तर काही गाड्यांत तो जरासा तरी हलतो. स्कॅनर असेल तर जास्त खात्री : सेल्फ फिरताना लाइव्ह डेटात आरपीएम शून्य दिसला तर शोध जवळजवळ संपला. सेन्सर हाताला लागत असेल तर त्यावर गार पाण्याचं फडकं दोन मिनिटं ठेवून बघा. लगेच लागली तर सेन्सर बदला, पण त्याची वायर आणि कपलरही तपासा, तेही तापून दगा देतात.

गाडी कधीच बंद पडत नसती, फक्त गरम असताना सेल्फ लांबत असता, तर मी वेगळं सांगितलं असतं : चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून पंपाला प्रेशर भरू द्या. त्याने लगेच लागते का? तर उभ्या गाडीत पेट्रोलचं प्रेशर उतरतंय.

प्रश्न : मारुती ८००, कार्बोरेटरची. गरम झाली की सेल्फ कण्हतो. नवी बॅटरी घातली, फरक नाही.

उत्तर : तांब्याचा विद्युतरोध दर १० अंशांना साधारण ४ टक्क्यांनी वाढतो. केबल, अर्थिंग किंवा सेल्फ आधीच कमजोर असेल तर गरमीत ते उघडं पडतं. कॉइलचा करंट तोडा, म्हणजे गाडी लागणार नाही, आणि सेल्फ मारत मल्टिमीटर लावा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या बॉडीपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी काढून घासा. पॉझिटिव्हपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत ०.५ पेक्षा जास्त असेल तर केबल किंवा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) खराब. दोन्ही ठीक असतील तरच सेल्फ उतरवा. सेल्फ मध्येच उलटा झटका देत असेल तर इग्निशनचं टायमिंग (प्लगला ठिणगी पडण्याची वेळ) जास्त पुढे गेलंय का, तेही बघून घ्या.

प्रश्न : जुनी डिझेल इंडिका, रोटरी पंपाची (इंजिनात डिझेल प्रेशरने सोडणारा पंप). थंड असताना ठीक, गरम असताना खूप वेळ सेल्फ मारावा लागतो. कुणी म्हणतं पंपावर गार पाणी ओता.

उत्तर : ओतू नका. तापलेल्या पंपावर एकदम गार पाणी पडलं तर आतले भाग अडकून पंप कायमचा जाऊ शकतो. त्याऐवजी जाड ओलं फडकं ठेवून पाच मिनिटं थांबा. मग पटकन लागली तर पंप आतून झिजला असण्याची दाट शक्यता आहे : डिझेल तापून पातळ झालं की झिजलेल्या फटींतून निसटतं आणि सेल्फच्या कमी वेगात प्रेशर तयार होत नाही. पण पंपाचं काम महागडं आहे. त्याआधी वर मारुतीसाठी सांगितलेली व्होल्टची तपासणी करा, कारण सेल्फ हळू फिरत असेल तर चांगला पंपही असाच वागतो.