बोले ठराव करणारे बोले कोण होते?

प्रश्न : ताई, मुलीच्या पुस्तकात चवदार तळ्याच्या धड्यात 'बोले ठराव' असं एका ओळीत येतं आणि पुढे काहीच नाही, हे बोले नक्की कोण? – एक वाचक, कळवा

उत्तर : बरं झालं विचारलंत, कारण या माणसाचं नाव मागे पडलंय याचं मला खरंच वाईट वाटतं. सीताराम केशव बोले, भंडारी समाजातले, मुंबईत कामगारांमध्ये काम करणारे, कामगार हितवर्धक सभा निघाली त्यात हे पुढे होते. मग मुंबई प्रांताच्या कायदे कौन्सिलात गेले आणि तिथे 4 ऑगस्ट 1923 ला ठराव मांडला की सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यायचे. पास झाला! महाड नगरपालिकेने 1924 ला गावातलं चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केल्याचं जाहीरही केलं, पण तळ्यावर जायची कुणाची हिंमत होईना, आणि म्हणूनच 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन गेले, ओंजळीने पाणी प्यायले.

बोलेंनी मात्र ठराव करून हात झटकले नाहीत. 1926 ला कौन्सिलात परत ठराव आणला, की जी नगरपालिका हे पाळत नाही तिची सरकारी ग्रँट बंद करा. मला त्यांचं हे जास्त मोठं वाटतं. लेकीला धड्यासोबत हेही सांगा, आणि स्टेशनवरच्या नळाला बाटली भरताना सांगितलंत तर तिला पटकन कळेल.