काळ्या बॉनेटवरचे गोल ओरखडे

प्रश्न: काळी गाडी, सहा वर्षं सिडकोत रस्त्यावरच उभी असते, उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात. ते काढायला पॉलिशचं मशीन रोटरी (नुसतं गोल फिरणारं) घेऊ की डीए (ड्युअल अ‍ॅक्शन, फिरता फिरता हलणारं)?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: पहिल्यांदाच करताय ना, मग डीएच घ्या. रोटरी कडेला जरा जास्त थांबली की क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) तापून जातो आणि मग परत रंगच मारावा लागतो, फार जीव तुटतो हो. आधी धुऊन क्ले (रुतलेली घाण उचलणारी मऊ वडी) फिरवा, मग हातभर जागेत मऊ फोम पॅड न् फिनिशिंग (सगळ्यात बारीक) पॉलिश मारून बघा, ओरखडे राहिले तरच कडक पॅड. पॅड ४-५ तरी हवेत, पॉलिशने भरलेला पॅड नुसता तापतो. मशीनवर पॅड बसतो त्या प्लेटवर मार्करने रेघ मारा, ती फिरायची थांबली म्हणजे जोर जास्त होतोय. आणि काम सावलीतच, पत्रा गार असताना.