तीन आठवडे, तेरा ठिकाणं आणि आईचे गुडघे
वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

प्रश्न : ताई, मी सॅन होजेला असतो. सप्टेंबरच्या मध्यावर आईबाबा नाशिकहून येतायत, बाबा ६७, आई ६३, आईचे गुडघे दुखतात. आम्ही दोघं आणि ७ वर्षांची मुलगी. तीन आठवडे सुट्टी मिळालीय, आमचीच गाडी आहे. लिस्ट अशी आहे : सॅन फ्रान्सिस्को, योसेमिटी, डेथ व्हॅली, लास वेगास, झायन, ब्राइस, आर्चेस, मॉन्युमेंट व्हॅली, अँटलोप कॅन्यन, ग्रँड कॅन्यन, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो आणि येताना समुद्राकाठचा हायवे वन. यलोस्टोन पण बसेल का? बाबा म्हणतात आलोच आहोत तर सगळं बघू.

उत्तर : यलोस्टोन बसणार नाही. आधी हे सांगून टाकते म्हणजे पुढचं शांतपणे बोलता येईल. तुमच्या रूटपासून तिकडे जायला एक अख्खा दिवस, यायला एक अख्खा दिवस आणि मधे तीन तरी दिवस पाहिजेत, म्हणजे त्या नादात बाकीच्यातलं निम्मं जाईल. बाबांना सांगा पुढच्या खेपेला.

आता लिस्ट. ठिकाणं मोजू नका, रात्री मोजा. तीन आठवडे म्हणजे हातात २० रात्री, आणि तुम्ही तेरा नावं लिहिलीत, म्हणजे जवळजवळ रोज बॅगा भरा, पाच जणांचं सामान डिकीत कोंबा, चार तास गाडीत बसा, संध्याकाळी परत बॅगा उघडा. हे आपण पस्तिशीत करू शकतो, गुडघेवाल्या आईला चौथ्या दिवशी नको होतं आणि ती बोलणार नाही, नुसती हॉटेलमधेच थांबते म्हणेल.

म्हणून मी तुमच्या लिस्टमधून सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो आणि हायवे वन सरळ काढून टाकले. रागावू नका. सॅन फ्रान्सिस्को तुमच्या घरापासून तासाभरावर आहे, ते कुठल्याही शनिवारी होतं. हायवे वनचंही तेच, शिवाय बिग सरच्या भागात दरडी कोसळून तो रस्ता कधी कधी महिनोन्महिने बंद असतो, त्याच्यावर ट्रिपचा शेवट टांगून ठेवायचा नाही. एलए-सॅन डिएगो एखाद्या लाँग वीकेंडला करा, मुलीला डिस्नेलँड पण तेव्हाच.

उरलेलं असं वाटलं बघा : योसेमिटी ३ रात्री, सिएरा डोंगररांगेच्या पलीकडे ली व्हायनिंग किंवा मॅमथला १, वेगास २, झायनच्या दारातलं स्प्रिंगडेल ३, ब्राइस २, मोआब ३ (आर्चेस पार्क इथूनच), मॉन्युमेंट व्हॅली १, पेज नावाचं गाव २ (अँटलोप इथे), ग्रँड कॅन्यन साउथ रिम २, आणि परतीला वाटेत कुठेतरी १, कारण ग्रँड कॅन्यन ते सॅन होजे एका दिवसात मारायचं म्हणजे ११-१२ तास स्टिअरिंगवर. झाल्या २०. स्प्रिंगडेलच्या तीनमधला एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा, कपडे धुवायला आणि लोळायला. तो रिकामा दिवस बघून कोणीतरी म्हणेलच की इथे अजून एक पार्क बसतंय, तर त्याचं ऐकू नका.

सीझन तुम्ही चांगला पकडलाय, पण दोन गोष्टी घरी आधीच सांगून ठेवा. एक, सप्टेंबर अखेरीस योसेमिटीचा मोठा धबधबा बहुतेक आटलेला असतो, तो बर्फ वितळण्यावर चालतो, मे-जूनमधे जोरात. आईने फोटो बघितला असेल तर तिथे कोरडा कडा बघून हिरमोड होतो. त्याच्या बदल्यात योसेमिटीतून सिएरा ओलांडणारा टायोगा रोड उघडा मिळतो, आणि तो नसता तर तुमचा हा रूटच बनला नसता. जवळपास १० हजार फुटांवरची खिंड आहे ती, साधारण नोव्हेंबरात बर्फाने बंद होते ती थेट मे अखेर नाहीतर जूनमधे उघडते. बंद असताना नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन गावांना अख्खा डोंगर वळसा घालून जावं लागतं. त्या रस्त्यावर ओल्मस्टेड पॉइंट आणि टेनाया लेक आहेत, दोन्हीकडे गाडीतून उतरलं की समोरच, आईला एक पायरी चढायला नको. आणि हो, योसेमिटी व्हॅलीत पेट्रोल पंप नाही! बाहेरूनच भरून घ्या.

दुसरी गोष्ट डेथ व्हॅली. सप्टेंबरातही तिथे चाळिशीच्या पुढे असतं. १९१३ मधे तिथल्या फर्नेस क्रीकला ५६.७ अंशाची नोंद झालीय, जगात सगळ्यात जास्त म्हणून तीच सांगतात. म्हणून मी तिथे रात्र ठेवली नाही, ली व्हायनिंगहून वेगासला जाताना मधून पार व्हायचं, भल्या पहाटे निघून. बॅडवॉटरला, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली, दहा मिनिटं उतरून फोटो काढा आणि परत एसीत. माणशी चार लिटर पाणी गाडीत, आणि नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, नकाशे फोनवर डाउनलोड करून ठेवा.

गुडघ्यांसाठी : झायनमधे सीझनला खाजगी गाडीला कॅन्यनच्या आतल्या रस्त्यावर सोडत नाहीत, शटल बसने जायचं, आणि आईबाबांसाठी हे उलट बरंच, खिडकीत बसून दोन्ही बाजूंचे कडे बघता येतात. शेवटच्या स्टॉपला रिव्हरसाइड वॉक म्हणून नदीकाठची फरसबंद वाट आहे, आपल्याला हवं तेवढं जायचं आणि फिरायचं. ब्राइसला सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट साधारण अर्धा मैल डांबरी आणि सपाट, तिथून सगळे ते लाल सुळके दिसतात. खाली उतरायचा मोह आवरा, कारण उतरणं सोपं आणि चढताना उंची लागते. ब्राइसचा रेनबो पॉइंट ९ हजार फुटांच्या वर आहे, आपली कळसूबाई ५४०० ची. पहिल्या संध्याकाळी धाप लागली, डोकं दुखलं तर घाबरू नका, पाणी प्या, हळू चाला, पण बाबांना बीपी असेल तर त्यांच्या डॉक्टरना नाशिकलाच विचारून घ्या. आणि स्वेटर! वेगासला घामाघूम झालेली माणसं दोन-तीन दिवसांनी ब्राइसला कुडकुडत असतात.

मोआबला डेलिकेट आर्चची चढण तुम्ही दोघांनी पाळी लावून करा, जाऊन येऊन तीन मैल आणि सावली नाही. आई आणि मुलगी विंडोज सेक्शनला बसतील, तिथे कमानी पार्किंगपासूनच दिसतात. मोआबला जाताना आय-७० हायवेवर सलायना ते ग्रीन रिव्हर ११० मैल एकही पंप नाही, हॉटेल नाही, काही नाही. टाकी आणि सगळ्यांचं बाथरूम दोन्ही सलायनाला उरकून घ्या.

पेजहून ग्रँड कॅन्यनला कॅमेरॉनमार्गे गेलात की पूर्वेच्या दाराने आत शिराल, तिथे डेझर्ट व्ह्यूचा १९३२ चा दगडी टॉवर आहे आणि पुढे ग्रँड कॅन्यन व्हिलेजपर्यंतचा २०-२५ मैलांचा रस्ता कड्याच्या काठाकाठाने. बहुतेक लोक दक्षिणेच्या दाराने येऊन गर्दीत अडकतात, तुम्हाला हे आपोआप मिळतंय. तिथल्या मुक्कामाचं बुकिंग मात्र आज रात्रीच बघा, वाचून झाल्या झाल्या.

प्रश्न : आम्ही नागपूरहून चौघं जातोय, मुलगे १९ आणि २२ चे. झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन. पार्कचा पास घ्यावा की तिथे तिकीट काढावं? मिस्टर ६४ चे आहेत, सीनियर पास मिळेल का?

उत्तर : सीनियर पास नाही मिळणार, तो फक्त तिथले नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना. वर्षाचा पास मात्र डोळे मिटून घ्या. २०२६ पासून नियम बदललेत, पूर्वी सगळ्यांना ८० डॉलरचा एकच पास होता, आता ८० चा तिथे राहणाऱ्यांना आणि बाहेरून येणाऱ्यांना २५०. महाग वाटतोय ना? पण पास नसेल तर ११ मोठ्या पार्कांमधे बाहेरच्या प्रत्येक माणसाला नेहमीच्या तिकिटावर आणखी १०० डॉलर पडतात, १६ आणि त्यापुढचे सगळे धरून, आणि तुमची तिन्ही पार्कं त्या अकरात आहेत. म्हणजे एकट्या झायनला गाडीचे ३५ आणि माणसांचे ४०० झाले की. पास काढला की एका गाडीतले सगळे जातात. सही ज्याच्या नावाची तो माणूस आणि त्याचा पासपोर्ट गाडीत पाहिजे, नाहीतर पास एकीकडे आणि नवरा दुसरीकडे असं व्हायचं.

मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटलोप कॅन्यनला हा पास चालत नाही, ती जमीन नावाहो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची आहे, सरकारी पार्क नाही, तिथे त्यांचं तिकीट.

प्रश्न : कोल्हापूरचं लायसन्स अमेरिकेत चालतं का? भाड्याची गाडी घेणार आहे. पहिल्यांदाच उजवीकडून चालवणार, थोडी धाकधूक आहे.

उत्तर : कॅलिफोर्नियात पाहुण्याला आपल्या देशाच्या लायसन्सवर गाडी चालवता येते, पण राज्याराज्याचे नियम वेगळे आणि तुम्ही तीन-चार राज्यांतून जाणार, शिवाय गाडी देणारे स्वतःच्या अटी लावतात, म्हणून आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून घ्याच. वर्षभर चालतं. ते एक प्रकारचं भाषांतर आहे, मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याला काही किंमत नाही.

क्रेडिट कार्ड ड्रायव्हरच्या नावाचं न्या. आमचं काय झालेलं, रात्री अकराला काउंटरवर पोहोचलो, लायसन्स माझं आणि कार्ड ह्यांचं, तासभर वाद, शेवटी ह्यांचं नाव मेन ड्रायव्हर म्हणून घालून गाडी घेतली आणि जास्तीच्या ड्रायव्हरचे पैसे रोजच्या रोज भरले. इन्शुरन्स घरूनच ठरवून जा, झोपेत सही करताना माणूस सगळ्याला हो म्हणतो. त्यात दुसऱ्याच्या नुकसानीचं कव्हर आहे की नाही ते मुद्दाम बघा, गाडीच्या पत्र्यापेक्षा ते महत्त्वाचं. आणि एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडलीत तर वेगळा चार्ज पडतो, कधी कधी भाड्याइतका.

धाकधुकीचं म्हणाल तर सरळ रस्त्यावर काही होत नाही. चूक होते ती पेट्रोल भरून, पार्किंगमधून बाहेर पडताना, रस्ता रिकामा असतो आणि हात जुन्या सवयीने डावीकडे वळवतो. शेजारच्याने त्या वेळी मोठ्याने 'उजवीकडे' म्हणायचं, ते काम त्याचं. स्टॉपच्या पाटीला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, कोणी नसलं तरी. मुलांची पिवळी स्कूल बस लाल दिवे लावून थांबली की तुम्हीही थांबायचं. आणि पोलिसाने मागून दिवे लावले तर कडेला घ्या आणि गाडीतच बसून रहा, हात स्टिअरिंगवर. आपल्याकडे लगेच उतरून 'साहेब' करत जातात तसं अजिबात करू नका.

प्रश्न : अँटलोपची टूर ११ ची आहे, पेजला घड्याळ कुठलं धरायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

उत्तर : कारण प्रत्येकाचा फोन वेगळं दाखवतो! उन्हाळ्यात युटाचं घड्याळ पुढे जातं, ॲरिझोनाचं जात नाही, म्हणून युटातून पेजला आलात की एक तास मागे. पण त्याच ॲरिझोनात नावाहो भागात घड्याळ पुढे करतात. अँटलोप नावाहोंच्याच जमिनीवर, तरी तिथल्या टूर पेजच्या, म्हणजे ॲरिझोनाच्या वेळेवर चालतात. फोनने पलीकडचा टॉवर पकडला की तो तासभर पुढे उडी मारतो. फोनमधलं आपोआप वेळ बदलणं बंद करा आणि हातातलं साधं घड्याळ पेजला लावा. पेजहून मॉन्युमेंट व्हॅलीला जाताना मात्र तास जातो, आम्ही तिथे सूर्यास्त बघायला निघालो आणि दिवेलागणीला पोहोचलो.

जुलै ते सप्टेंबर पाऊस असतो. त्यांनी टूर रद्द केली तर हुज्जत नको, ऑगस्ट १९९७ मधे तिथे आकाश कोरडं असताना लांबवर पडलेल्या पावसाचं पाणी आलं आणि ११ पर्यटक गेले.

प्रश्न : शाकाहारी आहोत, कांदा-लसूण चालतो. २० दिवस काय खायचं?

उत्तर : एक छोटा राइस कुकर. मुगाची खिचडी, मेतकूट, लोणचं. फ्रिज-मायक्रोवेव्ह असलेली खोली बघून घ्या आणि शेगडी खोलीत पेटवू नका, अलार्म वाजून अख्खं मोटेल बाहेर येतं. वेगासला आणि मोठ्या गावात किराणा भरून घ्या, पार्कातल्या दुकानात सगळं दुप्पट.

प्रश्न : एवढं प्लॅनिंग करून मजा जाते असं नाही वाटत? आम्ही दोघं नुसते निघतो, जिथे रात्र तिथे मुक्काम. वय २९ आणि ३०.

उत्तर : जाते थोडी, कबूल. तुमच्या वयात मीही अशीच फिरले आणि एक रात्र गाडीतच काढली, मान आठवडाभर धरली होती. दोघंच असाल, मंगळवार-बुधवार असेल, तर मोआब किंवा वेगाससारख्या गावात ऐन वेळी खोली मिळते, वेगासला तर आठवड्याच्या मधल्या दिवशी स्वस्तात मिळते (वरून रिसॉर्ट फी लावतात ती धरून हिशोब करा). पण पार्काच्या आतलं असं मिळत नाही. योसेमिटीच्या आतल्या खोल्या ३६६ दिवस आधी खुल्या होतात, आणि झायनच्या एंजल्स लँडिंग या कड्यावर चढायला २०२२ पासून लॉटरीचं परमिट लागतं, नुसतं निघून तिथे वर जाता येत नाही. तेव्हा ही दोनच ठरवा, बाकी नुसते निघा. निघताना गाडीत दोन पांघरुणं टाका.