आधी कान तपासा, मग मेंदूचं बोला

रोज शब्दकोडं सोडवते. स्मरणशक्तीसाठी पुरे ना? (म्हापसा)

नाही. जोडीला आठवड्यात १५० मिनिटं झपझप चाला. छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

संध्याकाळी थोडी फेणी मेंदूला चांगली म्हणतात. (पेडणे)

कोण म्हणतं? घेत नसाल तर औषध म्हणून सुरू करू नका. रोज भरपूर घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना भेटा.

मुलाने गिंकोच्या कॅप्सूल मागवल्यात. घेऊ? (फोंडा)

अमेरिकेत तीन हजारांवर वृद्धांपैकी साधारण निम्म्यांना गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) आणि बाकीच्यांना औषध नसलेली गोळी देऊन पाहिलं. २००८ साली निकाल आला, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) टळला नाही. बाटलीवर ‘हर्बल’ लिहिलं की माणसं निर्धास्त होतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्राव व्हायचा. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेताय? त्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊन विसरायला होऊ शकतं. ते तपासायचं का, डॉक्टरांना विचारा.

सासरे ७२ वर्षांचे. विचारावं एक, सांगतात दुसरंच. भजनाला जाणंही सोडलं. वयच ना? (डिचोली)

टीव्हीचा आवाज केवढा असतो, ते लिहिलं नाहीत! वर्षभर ‘विसरतात, विसरतात’ म्हणत घरचे माणसाला घेऊन येतात. कानात पाहावं तर काळा, घट्ट मळ. जे कानी पडलंच नाही, ते लक्षात कसं राहणार? चारचौघांत ऐकू येईना की माणूस हसून मान डोलावतो आणि हळूहळू भजनाला, लग्नाला जाणंच सोडतो. बहिरेपण आणि एकटेपण, दोन्ही डिमेन्शियाचा धोका वाढवतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४च्या अहवालातल्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत दोन्ही आहेत. चष्मा लावताना लाजत नाही, मग ऐकण्याच्या मशीनलाच का लाज? मात्र जाहिरात पाहून यंत्र मागवू नका. ते नुसता आवाज वाढवतं, गोंगाटासकट. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ, मग ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), मग मापाचं मशीन. सुरुवातीला किरकिर होते, म्हणून ते कपाटात ठेवायचं नाही. पुन्हा जाऊन जुळवून घ्यायचं. तेल, काडी कानात घालू नका. मशीन लागूनही विसरणं तसंच राहिलं तर स्मृतीची तपासणी करून घ्या.

आई दोन दिवस भलतंच बरळते. चतुर्थी झाल्यावर दाखवू? (मडगाव)

आजच. लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, पडून डोक्याला लागलेला मार, काहीही असू शकतं. तोंड वाकडं, हात लुळा किंवा जीभ जड झाली तर लगेच १०८ला फोन करा. तो पक्षाघात असू शकतो, आणि मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.