घुबडाच्या पोटात जंत सापडले, आता काय करायचे?

उंदरांच्या बंदोबस्तासाठी शेतात घुबडाच्या पेट्या (घुबडांना राहायला आणि अंडी घालायला लावलेली खोकी) बसवलेल्या शेतकऱ्यांकडून अलीकडे एकाच विषयावर बरेच प्रश्न आले आहेत. एका शेतकऱ्याच्या पेटीखाली गव्हाणी घुबड मेलेले आढळले. पशुवैद्यकांनी ते उघडले तेव्हा आतड्यात पांढरट जंतांचा पुंजका निघाला. ते विचारतात, "जंतांनीच मारले ना? मग बाकीच्या घुबडांना गुरांचे जंताचे औषध कसे द्यायचे?" दुसऱ्या एका ताईंना शेजारच्या गोठ्याची आणि कोंबड्यांची काळजी आहे. कोणी घुबडाने तोंडातून टाकलेल्या, पेटीखालच्या केसाळ गोळ्या खतात टाकाव्यात का, असे विचारले आहे, तर कोणाला पिल्लाच्या तोंडात पिवळी खपली दिसली आहे. उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्याने एकत्रच देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की जंत सापडले एवढ्यावरून ते जंतांनी मेले असे म्हणता येत नाही. रानातल्या धडधाकट घुबडाच्या पोटातही बहुधा जंत असतातच. ज्या वाटेने त्याला अन्न मिळते त्याच वाटेने जंतही येतात, आणि ती वाट आपल्या बांधावरूनच जाते.

ही वाट नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा सल्ला तिच्यावर उभा आहे. घुबडातल्या बहुतेक जंतांना आपले आयुष्य पुरे करायला दोन किंवा तीन प्राणी लागतात. सेंट्रोऱ्हिंकस नावाचा काटेरी तोंडाचा जंत घ्या. त्याची अंडी घुबडाच्या विष्ठेतून जमिनीवर पडतात. ती नाकतोडा किंवा भुंगेरा खातो आणि अळी त्या किड्याच्या अंगात वाढते. किडा सरड्याने, बेडकाने किंवा चिचुंद्रीने खाल्ला की अळी त्या प्राण्याच्या पोटात जाऊन नुसती थांबून राहते. तिथे ती मोठी होत नाही, पण मरतही नाही. पुढे तो प्राणी घुबडाच्या तोंडी पडला की ती जागी होते, सोंडेवरच्या आकड्यांनी आतड्याच्या भिंतीला धरते आणि तिथेच पूर्ण वाढते. या जंताला स्वतःचे तोंड किंवा आतडे नसते. घुबडाच्या आतड्यातले पचलेले अन्न तो कातडीवाटे शोषून घेतो.

चपट्या जंतांची तऱ्हा वेगळी. स्ट्रिजिआ या गटातले जंत जेमतेम काही मिलिमीटरचे असतात. त्यांची सुरुवात पाण्यातल्या गोगलगायीत होते. तिथून सुटलेली अळी बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लात शिरते, मग मोठ्या बेडकात किंवा बेडूक खाणाऱ्या सापात जाऊन दबा धरते आणि शेवटी घुबडात पोहोचते. पोरोसीकम हा गोल जंत त्यामानाने बराच मोठा, उघड्या डोळ्यांना सहज दिसणारा. या गटातल्या जंतांच्या अळ्या गांडुळांत वाढतात आणि गांडूळ खाणाऱ्या चिचुंद्र्यांमधून शिकारी पक्ष्यांपर्यंत जातात. काही पट्टकृमी उंदरांच्या यकृतात अळीच्या रूपात वाट पाहत असतात. केसासारखे बारीक कॅपिलेरिया मात्र नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत म्हटले तरी चालेल, आणि त्रास देण्यात हेच पुढे असतात. अन्ननलिकेत किंवा आतड्यात ते फार झाले तर तिथे सूज येते आणि पक्षी खाणे टाकतो.

आता लक्षात येईल, की ज्या घुबडाच्या पोटात तीन-चार जातींचे जंत आहेत ते उंदीर, चिचुंद्री, बेडूक, नाकतोडे असे सगळे खात होते. म्हणजे त्या शिवारात गांडुळे, बेडूक आणि किडे अजून शिल्लक आहेत. मला तरी यात वाईट काही दिसत नाही.

एक शेतकरी विचारतात, की मग ही साखळी तोडायला पेटीच्या आसपास कीटकनाशक फवारून किडे-गोगलगायी मारून टाकू का? कृपा करून हे करू नका. घुबड रात्रीत कितीतरी मोठा पल्ला फिरते. एका झाडाखालचे किडे मारून त्याचे जंत थांबणार नाहीत, पण तुमच्या जमिनीतली गांडुळे आणि पिकावरच्या किडी खाणारे बेडूक मात्र जातील.

मग जंत घातक कधी ठरतात? पक्षी आधीच खचलेला असेल तेव्हा. पंख मोडून शिकार बंद झाली, लागोपाठ पावसात उपास घडले, पिल्लू नुकतेच पेटीबाहेर पडले आणि शिकार जमेना, किंवा अंगात विष साठले, की शरीराची प्रतिकारशक्ती ढासळते आणि एरवी आटोक्यात असलेले जंत वाढतात. अशा पक्ष्याचे पोट उघडले की जंतांचा पुंजका दिसतो आणि आपण त्यालाच कारण समजतो. खरे कारण अनेकदा त्याच्या मागे असते.

म्हणून माझी आग्रहाची विनंती अशी, की मेलेले घुबड सापडले तर जंत मोजण्याआधी उंदराच्या विषाचा संशय घ्या. ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकम यांसारखी रक्त गोठू न देणारी विषे खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस जगतो, सुस्तावतो, दिवसाउजेडी उघड्यावर येतो आणि घुबडाला सगळ्यांत सोपे सावज ठरतो. ही विषे घुबडाच्या यकृतात महिनोन् महिने टिकतात, त्यामुळे थोड्या थोड्या मात्रेची भर पडत जाते. एक घुबड रात्रीत तीन-चार उंदीर सहज खाते. पेटीत पिल्ले असतील तर आणलेल्या शिकारीतला मोठा वाटा त्यांच्या तोंडी जातो, आणि त्यातले विषही.

पशुवैद्यकांना शवविच्छेदनाच्या वेळी तीन गोष्टी आवर्जून बघायला सांगा. छातीचे मधले हाड सुरीच्या धारेसारखे वर आले आहे का, म्हणजे मांस झडून पक्षी उपासाने खंगला होता का. कातडीखाली, स्नायूंत किंवा पोटाच्या पोकळीत न गोठलेले रक्त साचले आहे का. आणि तिसरे, यकृताचा तुकडा विषाच्या तपासणीसाठी वेगळा ठेवता येईल का. पक्षी चांगला भरलेला, पोटात ताजा उंदीर आणि आत रक्त साचलेले असेल, तर आतड्यात चार जंत असले काय आणि नसले काय, दोष त्यांच्याकडे जात नाही.

आता औषधाचे. आमच्याकडे आलेल्या प्रश्नांत सर्वांत काळजीचा वाटला तो हाच. अल्बेन्डाझोल किंवा फेनबेन्डाझोल हे गुरांचे जंतनाशक पाण्यात मिसळून पेटीजवळ ठेवायचे, किंवा मेलेल्या उंदरात भरून पेटीत टाकायचे, असा विचार काहींनी कळवला आहे. यातले काहीही करू नका. घुबडे पाणी फार कमी पितात, लागणारे बहुतेक पाणी त्यांना शिकारीतूनच मिळते, म्हणजे पाण्यातला डोस पोहोचणारच नाही. उंदरात भरलेला डोस कोणाच्या पोटात किती गेला हे कळायला मार्ग नाही. आणि मुख्य गोष्ट म्हणजे गुरांना चालणारे हे औषध पक्ष्यांना चालेलच असे नाही. कबुतरे, करकोचे आणि गिधाडांमध्ये फेनबेन्डाझोलमुळे अस्थिमज्जेवर परिणाम होऊन पांढऱ्या पेशी घटल्याच्या आणि पक्षी दगावल्याच्या नोंदी आहेत. नवी पिसे येत असताना दिले तर पिसेही वेडीवाकडी येतात. पिसे बिघडलेले घुबड आवाज न करता उडू शकत नाही, आणि आवाज झाला की उंदीर निसटतो.

शिवाय औषधाने आज जंत पडले तरी पुढच्याच रात्रीच्या शिकारीतून ते परत येणार. रानातल्या पक्ष्याला जंतनाशक देणे म्हणजे पाटाचे दार उघडे ठेवून वाफ्यातले पाणी ओंजळीने उपसणे. घुबड जखमी होऊन वन्यजीव उपचार केंद्रात दाखल झाले असेल, वजन केलेले असेल, विष्ठा तपासून जंताची जात कळली असेल, तर तिथले पशुवैद्यक औषध देतील. ते योग्यच आहे, कारण बंदिस्त आणि अशक्त पक्ष्याला त्या ओझ्यातून सोडवावे लागते. तिथेही एकाच तपासणीवर भागत नाही. गोल जंतांची अंडी मिठाच्या दाट द्रावणात वर तरंगतात, पण चपट्या जंतांची जड अंडी तळाशी बसतात. म्हणून तरंगवून आणि तळ बसवून, दोन्ही रीतींनी बघायला सांगा.

विष्ठेवरून घाबरून जाऊ नका, हेही इथेच सांगतो. घुबडाच्या आतड्याला दोन मोठ्या आंधळ्या पिशव्या असतात. त्या रिकाम्या होतात तेव्हा तपकिरी, पातळ आणि अतिशय उग्र वासाची विष्ठा पडते. ती हगवण नव्हे. एरवीची विष्ठा चुन्यासारखी पांढरी आणि मध्ये काळसर, अशी असते. दोन्ही प्रकार आलटून पालटून दिसले तर पक्षी ठीक आहे.

गोठ्याबद्दल विचारणाऱ्या ताईंनी निश्चिंत राहावे. गुरांच्या यकृतातला चपटा जंत आणि घुबडातला चपटा जंत हे दोघेही गोगलगायीतून येतात, म्हणून शंका येणे साहजिक आहे. पण गुरांच्या जंताची अळी गोगलगायीतून निघून ओल्या गवतावर चिकटते आणि चाऱ्याबरोबर पोटात जाते, तर घुबडातल्या जंताला बेडूक लागतो. गाय बेडूक खात नाही. कोंबड्यांचे नेहमीचे मोठे गोल जंत कोंबड्यांच्याच विष्ठेतून, ओल्या लिटरमधून (खुराड्यात अंथरलेल्या भुशातून) पसरतात, त्याला घुबड जबाबदार नाही. तरीही पेटी खुराड्याच्या अगदी डोक्यावर बसवू नये. विष्ठा खाद्यात पडते आणि साल्मोनेलासारखे जिवाणू येऊ शकतात, एवढे कारण पुरेसे आहे.

एका बाबतीत मात्र सावध राहा. ट्रायकिनेला स्यूडोस्पायरॅलिस नावाचा एक जंत पक्षी आणि सस्तन प्राणी या दोघांच्याही स्नायूंत राहतो, आणि घुबडातही तो सापडलेला आहे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून तो माणसाला होतो. मेलेले घुबड कुत्र्याला किंवा डुकरांना टाकू नका, आणि त्याचे मांस कोणत्याही समजुतीपोटी कोणी खाऊ नये.

पिल्लाच्या तोंडातली पिवळी, दह्याच्या साईसारखी खपली हा जंत नाही. ट्रायकोमोनास या एकपेशीय जीवामुळे ती होते आणि बहुधा कबुतर खाल्ल्याने येते. यावर उपचार आहे, पण उशीर झाला तर पिल्लाला गिळता येत नाही आणि ते उपाशी मरते. खपली ओरबाडून काढू नका, रक्तस्राव होतो. वन विभागाला त्याच दिवशी कळवा. पिसांतून पळणाऱ्या चपट्या माश्या दिसल्या म्हणून कळवणाऱ्यांनी त्या तशाच राहू द्याव्यात, पेटीत गोचिडाची पावडर टाकू नये.

केसाळ गोळ्या म्हणजे न पचलेले केस आणि हाडे, घुबड त्या तोंडातून टाकते. जंतांची अंडी मुख्यतः विष्ठेत असतात, गोळ्यांत नव्हे. पण शाळेत अशा गोळ्या उकलताना मुलांना साल्मोनेलाची लागण झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत, म्हणून हातमोजे घाला, तोंडाला फडके बांधा आणि धूळ उडू नये यासाठी आधी पाणी शिंपडा. चांगला तापणाऱ्या कंपोस्टच्या ढिगात मधोमध टाकल्यास हरकत नाही. भाजीच्या वाफ्यात थेट टाकू नका.

पेटी साफ करायची ती अंडी-पिल्ले नसतानाच. तळाशी गोळ्यांचा पातळ थर राहू द्या. गव्हाणी घुबड काड्यांचे घरटे बांधत नाही, त्याच थरावर अंडी घालते. थर फार वाढला की दाराची उंची कमी होते आणि उडता न येणारी पिल्ले खाली पडतात. तळापासून दारापर्यंत किमान 45 सेंटिमीटर अंतर ठेवा. पेटी ओल धरत असेल तर तळाला दोन-चार भोके पाडा.

घुबड नांदत असलेल्या शिवारात रक्त पातळ करणारी विषे वापरू नका. बिळे बुजवणे, बांध साफ ठेवणे, सापळे लावणे यावर भर द्या. अगदीच वेळ आली तर झिंक फॉस्फाईड या विषाचे आमिष बिळाच्या आत खोल ठेवून बीळ बुजवा आणि दुसऱ्या दिवशी मेलेले उंदीर गोळा करून पुरा. त्यातही धोका शून्य नाही, कारण उंदराच्या पोटात न पचलेले आमिष राहू शकते. आसपासच्या चार शेतकऱ्यांनी मिळून ठरवले तरच याचा उपयोग होतो, घुबडाला तुमचा बांध कुठे संपतो ते माहीत नसते. उंदरांवर घुबड वापरण्याचे काम इस्राएलमध्ये 1983 पासून आणि मलेशियातल्या तेलताडाच्या मळ्यांत अनेक वर्षे चालू आहे. पेट्या लावल्यावर विष कमी करणे हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे.

पुन्हा मेलेले घुबड सापडले तर उघड्या हाताने उचलू नका. दोन प्लॅस्टिक पिशव्यांत घालून बर्फाच्या डब्यात ठेवा. गोठवू नका, गोठल्यावर ऊतींची तपासणी बिघडते. जागा, तारीख आणि गेल्या पंधरा दिवसांत आसपास कोणी कोणते विष टाकले हे कागदावर लिहून वन विभागामार्फत पशुवैद्यकांकडे पोहोचवा. एकाच वेळी दोन-तीन पक्षी, मग ते कावळे असोत की घुबडे, मेलेले दिसले तर हातच लावू नका. बर्ड फ्लूची शक्यता असते, तेव्हा आधी फोन करा आणि कोंबड्या आत कोंडून ठेवा.