लॅपटॉपवर साइट सुरक्षित दिसते, काही पाहुण्यांच्या फोनवर इशारा येतो. साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट तीनदा काढलं, आता काय करू?

चौथ्यांदा काढू नका. त्याच नावांचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट, म्हणजे फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था, सात दिवसांत पाचदाच देते, मग पुढच्यासाठी हात बांधून बसायची पाळी येईल. आणि तुमचं सर्टिफिकेट मुळात बिघडलेलं नाही.

तुम्ही लिहिलंय की गुहागरला होमस्टे आहे, साइट एनजिनएक्स या सर्व्हर-प्रोग्रॅमवर चालते, सर्टिफिकेटच्या फाइली तुम्ही हाताने कॉपी करून बसवल्यात. लॅपटॉपवर सगळं ठीक, काही फोनवर इशारा, आणि बुकिंगचे पैसे कापले जाऊनही बुकिंग 'प्रलंबित'च. या शेवटच्या तक्रारीमुळे लिहायला बसलो, कारण यातून मी गेलोय.

देवगडच्या एका बागायतदारांची साइट मी सांभाळतो. ऐन एप्रिलात सकाळी सातला काकांचा फोन, "पैशे गेले म्हणतत, आर्डर खंय आसा?" सतरा पेट्यांचे पैसे आले होते, साइटवर एकही ऑर्डर नाही. माझ्या लॅपटॉपवर साइट झकास उघडत होती, म्हणून मी दोन दिवस पेमेंटवाल्यांशी भांडलो. शेवटी तिथल्या एका मुलीने शांतपणे सांगितलं, "सर, पैसे आल्याचं कळवायला आमचा सर्व्हर तुमच्याकडे येतो, पण तुमचं सर्टिफिकेट पडताळता येत नाही म्हणून दारातूनच परत फिरतो." चूक माझीच निघाली. तोवर आढीतला आंबा काही माझ्यासाठी थांबला नव्हता.

कोकणातले आहात म्हणून सातबाऱ्यावरून सांगतो. जमीन आजोबांच्या नावावर, विकायला निघालाय नातू, आणि मधली वडिलांची वारसनोंदच झालेली नाही. गावातला जुना माणूस म्हणेल, 'त्यांचाच नातू तो, मी ओळखतो.' बाहेरचा खरेदीदार कागद मागेल. इथे आजोबा म्हणजे रूट, सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं मूळ सर्टिफिकेट, ते ब्राउझरकडे किंवा फोनमध्ये आधीपासून असतं. नातू म्हणजे तुमचं सर्टिफिकेट. मधले वडील म्हणजे इंटरमीडिएट सर्टिफिकेट, आणि ते पाठवायचं काम तुमच्या सर्व्हरचं. लॅपटॉपवरचा क्रोम हा गावातला जुना माणूस: मधला कागद नसेल तर सर्टिफिकेटात लिहिलेल्या पत्त्यावरून स्वतः आणतो आणि तुम्हाला काही कळू देत नाही. बरीचशी अ‍ॅप्स, काही फोन आणि पेमेंटवाल्यांचे सर्व्हर एवढी मेहनत घेत नाहीत.

म्हणून ब्राउझरवर विसंबू नका, सर्व्हर नेमकं काय पाठवतोय ते बघा. टर्मिनलमध्ये ओपनएसएसएलचा एस-क्लायंट आदेश चालवा, कनेक्टपुढे साइटचं नाव आणि पोर्ट ४४३, सर्व्हरनेमपुढे पुन्हा साइटचं नाव. 'सर्टिफिकेट चेन', म्हणजे सर्टिफिकेटांची साखळी, या मथळ्याखाली फक्त शून्य क्रमांकाची नोंद असेल आणि शेवटी व्हेरिफाय रिटर्न कोड २१ आला, तर वडील गायब आहेत. शून्याखाली १ क्रमांकाची नोंदही दिसली आणि कोड ० आला, तर साखळी ठीक आहे, थेट खालचा 'साखळी ठीक असूनही'वाला भाग वाचा.

सर्टबॉट म्हणजे लेट्स एन्क्रिप्टकडून सर्टिफिकेट आणणारा प्रोग्रॅम. त्याच्या 'लाइव्ह' फोल्डरमध्ये तुमच्या डोमेनच्या नावाखाली चार पेम फाइली असतात: सर्ट, चेन, फुलचेन आणि प्रिव्हकी (तुमची गुप्त किल्ली). नाव बघून माणूस सर्ट उचलतो, मीही तीच उचलली होती. एनजिनएक्सला फुलचेन लागते, तिच्यात नातू आणि वडील दोघेही असतात. कॉन्फिगमधल्या एसएसएल सर्टिफिकेटच्या ओळीत थेट लाइव्ह फोल्डरमधल्या फुलचेनचा पत्ता द्या, कीच्या ओळीत प्रिव्हकीचा. कॉपी करून दुसरीकडे ठेवू नका. सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, सर्टबॉट ते महिनाभर आधी बदलतो, आणि तुमच्या कॉपीला त्याचा पत्ताही लागत नाही. मग एनजिनएक्सला टी हा पर्याय देऊन कॉन्फिग तपासा आणि रीलोड करा. रीलोड केल्याशिवाय तो जुनंच सर्टिफिकेट दाखवत राहतो, म्हणून सर्टबॉटच्या डिप्लॉय-हुकमध्येही, म्हणजे सर्टिफिकेट बदललं की आपोआप चालणाऱ्या आदेशात, हा रीलोड टाकून ठेवा. नाहीतर नेमकं मे महिन्याच्या गर्दीत 'मुदत संपली'चा इशारा येईल.

साखळी ठीक असूनही फोन कुरकुरत असेल तर त्या पाहुण्याला विचारा, वायफायवर चालतं आणि मोबाइल डेटावरच अडतं का? तसं असेल तर डीएनएसमधली (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यादीतली) आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्याची नोंद, म्हणजे 'एएएए' नावाची, जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवत नाही ना ते बघा. मोबाइल नेटवर्क बरेचदा त्याच वाटेने जातं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावून, दोन्ही नावं सर्टिफिकेटात आहेत ना, तेही बघून घ्या.

अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचा फोन असेल तर फार डोकं लावू नका. लेट्स एन्क्रिप्टचं रूट त्या फोनमध्ये नाही, ते जुन्या दुसऱ्या रूटच्या आधाराने चालायचे आणि तो आधार २०२४ मध्ये संपला. अशा पाहुण्याला फायरफॉक्स वापरायला सांगा, फायरफॉक्सकडे रूटची स्वतःची यादी असते, किंवा सरळ फोनवर बुकिंग घ्या.

एवढं करूनही अडलं तर एस-क्लायंटने जे छापलं ते सगळं इथे टाका, बघतो. प्रिव्हकीची फाइल मात्र कुणी कितीही मागितली तरी कुठेच चिकटवू नका, मलाही नको.