एमआरआयमध्ये मान साफ, तरी ऑपरेशन कशाला?

प्रश्न (मुलुंड): वडिलांना जिभेच्या कडेला कॅन्सर आहे. एमआरआयमध्ये मानेतल्या गाठी नॉर्मल आल्या, तरी सर्जन मानेचंही ऑपरेशन करायचं म्हणतात. गरज आहे का?

बहुतेक वेळा असते. एमआरआयचा एकेक छेद साधारण 3 मि.मी. जाड असतो, ग्रंथीत (लसिकाग्रंथी, म्हणजे याच मानेतल्या गाठी) शिरलेला 2 मि.मी.पेक्षा लहान कॅन्सरचा पुंजका त्यात सापडत नाही. म्हणून रिपोर्टमध्ये जिभेचा भाग वाचा आणि 'डेप्थ ऑफ इन्व्हेजन' हा आकडा शोधा. कॅन्सर किती खोल रुतलाय ते त्यावरून कळतं. 3-4 मि.मी.च्या पुढे खोली गेली की मानेत लपलेला प्रसार असण्याची शक्यता बरीच वाढते. परळच्या टाटा मेमोरियलने सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरवर केलेला अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. मानेतल्या ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी 80 टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ वर येईपर्यंत थांबलेल्यांमध्ये 67.5 टक्के.

एमआरआयवरची खोली पॅथॉलॉजीपेक्षा (काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात त्यापेक्षा) थोडी जास्त भरते, कारण काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आकसतो. बायोप्सीनंतर लगेच स्कॅन केला तर तिथली सूजही मोजली जाते. शक्य असेल तर स्कॅन आधी, बायोप्सी मागाहून.

प्रश्न (लालबाग): आईला गालाचा कॅन्सर आहे. जबड्याखाली 9 मि.मी.ची गाठ आहे आणि 'डिफ्युजन रिस्ट्रिक्शन' लिहिलंय. म्हणजे पसरला?

एवढ्यावरून म्हणता येणार नाही. डिफ्युजन म्हणजे पेशींभोवतालच्या पाण्याची हालचाल दाखवणारा एमआरआयचा प्रकार; ती अडली की जागा चमकते. निरोगी ग्रंथीतही पेशी दाटीवाटीने असतात, त्यामुळे डिफ्युजनवर तीही चमकते. गाठ शोधायला हा प्रकार उत्तम, ओळखायला कच्चा. आकार बघा: घेवड्याच्या दाण्यासारखी, मधे चरबीची खाच असलेली ग्रंथी बहुधा निर्धोक. गोल झालेली, खाच बुजलेली, कडा अस्पष्ट, कॉन्ट्रास्टनंतर (शिरेतून दिलेल्या उजळणाऱ्या औषधानंतर) गाभा काळा राहिलेली संशयास्पद.

पण मुंबईत टीबीच्या गाठीचाही गाभा असाच दिसतो, आणि दाढ किडली तरी जबड्याखाली अवधाण येतं. तेव्हा सोनोग्राफीखाली सुईने नमुना घ्यायला सांगा, तो टीबीसाठीही पाठवा. सुईने कॅन्सर पसरतो या भीतीपायी तपासणी टाळू नका.

प्रश्न (दादर): 'एआयने ग्रंथींचं भाकीत' असा जादा पैशांचा रिपोर्ट घ्यावा का?

आज तरी नको. सॉफ्टवेअर गाठीच्या प्रतिमेतून शेकडो आकडे काढून शक्यता सांगतं. पण 1.5 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशिनवर शिकलेलं मॉडेल 3 टेस्लावर अडखळतं. छेदाची जाडी बदलली, गाठीची कड दुसऱ्या डॉक्टरने आखली, तरी उत्तर हलतं. एखाद्या अभ्यासाचा भाग म्हणून फुकट होत असेल तर संमतिपत्र वाचून जरूर सामील व्हा. ऑपरेशनचा निर्णय मात्र त्याच्या भरवशावर नको.

प्रश्न (भांडुप): दाताला स्टीलची कॅप आहे. स्कॅन होईल?

होईल, पण धातूजवळची प्रतिमा वेडीवाकडी येते, डिफ्युजनची सर्वांत जास्त. टेक्निशियनला आधीच सांगा. कॉन्ट्रास्टसाठी क्रिएटिनिनचा (किडनीसाठीची रक्ततपासणी) ताजा रिपोर्ट न्या. पेसमेकर असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच कळवा. मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना घरीच ठेवा. मशिनचा आवाज चालू असताना गिळू नका, मधल्या थांब्यात गिळा. एका आवंढ्याने जिभेची कड पुसट होते. फिल्मसोबत सीडीही मागून घ्या, कारण दुसऱ्या रुग्णालयात खोली पुन्हा मोजायची तर फिल्म पुरत नाही.